छोटी गाठ फिकी का दिसते? पेट स्कॅनचा आकडा स्प्रेडशीटमध्ये दुरुस्त करताना

पेट-सीटीच्या रिपोर्टात गाठीच्या मापाशेजारी बहुतेक वेळा एक आकडा असतो, एसयूव्ही. इंजेक्शनमधून दिलेलं किरणोत्सारी औषध सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं, तर जितकं इथे सापडलं असतं त्याच्या किती पट ते प्रत्यक्षात सापडलं, एवढंच तो सांगतो. केमोथेरपीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारीशेजारी ठेवून डॉक्टर पाहतात आणि घरचेही पाहतात. गाठ लहान असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो. यंत्र बिघडलेलं नसतं, तंत्रज्ञाचंही काही चुकलेलं नसतं. दोष प्रतिमा बनण्याच्या रीतीतच असतो. त्याला पार्शल व्हॉल्यूम इफेक्ट म्हणतात. तो दुरुस्त करण्याचं बरंचसं गणित एका साध्या एक्सेल शीटमध्ये बसतं. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण महागड्या सॉफ्टवेअरमध्ये जे पडद्याआड होतं ते इथे चौकटी-चौकटीत डोळ्यांसमोर राहतं.

आधी मुळाशी जाऊ. पेटमध्ये औषधाच्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, ऊतींमधून थोडं अंतर जातो, इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघं नष्ट होतात. त्यातून ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. हे फोटॉन जिथून निघाले ती जागा म्हणजे अणूची जागा नव्हे, हा पहिला ढिलेपणा. ते अगदी सरळ रेषेत विरुद्ध जात नाहीत, हा दुसरा. त्यांना पकडणारे स्फटिक काही मिलिमीटर रुंद असतात, हा तिसरा. शेवटी चित्रातला खरखरीतपणा घालवायला संगणक ते थोडं गुळगुळीत करतो, हा चौथा. हे सगळं एकत्र आलं की टोकदार बिंदूचा अंधुक डाग होतो. त्या डागाची रुंदी, म्हणजे कमाल उंचीच्या निम्म्यावर मोजलेली एफडब्ल्यूएचएम, ही यंत्राची रेझोल्यूशन. दवाखान्यातल्या पेटमध्ये ती साधारण ४ ते ७ मिलिमीटर असते. गॅमा कॅमेऱ्यावरच्या स्पेक्टमध्ये (गॅमा किरण थेट सोडणाऱ्या औषधांच्या स्कॅनमध्ये) शिशाच्या कॉलिमेटरमुळे, म्हणजे किरणांना दिशा लावणाऱ्या जाळीमुळे, ती १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त जाते.

टीपकागदावर शाईचा मोठा डाग पडला तर कडा पसरतात, पण मधला भाग गडदच राहतो. बारीक थेंब पडला तर तो पसरून अख्खाच फिका होतो. शाई मात्र तेवढीच असते. लहान गाठीचं नेमकं हेच होतं. तिच्यातली मोजणी आजूबाजूला सांडते, त्याला स्पिल-आउट म्हणतात. उलटही घडतं. शेजारी औषधाने भरलेलं मूत्राशय किंवा मूत्रपिंड असेल तर त्यातलं थोडं गाठीच्या हद्दीत येतं, ते स्पिल-इन. याशिवाय प्रतिमेचा प्रत्येक लहान घन, व्हॉक्सेल, कधी अर्धा गाठीत आणि अर्धा बाहेर पडतो आणि दोन्हींची सरासरी दाखवतो. व्यवहारात ही सगळी भेसळ एकाच नावाखाली येते.

ही गोष्ट नवी नाही. १९७९ साली एडवर्ड हॉफमन, सुंग-चेंग हुआंग आणि मायकेल फेल्प्स यांनी वस्तूच्या आकाराचा पेटच्या मोजणीवर काय परिणाम होतो ते मांडलं. वस्तू रेझोल्यूशनच्या साधारण दुपटीहून लहान झाली की मोजणी घसरायला लागते. किती घसरते ते सांगणारा आकडा म्हणजे रिकव्हरी कोइफिशंट, मोजलेलं भागिले खरं. पुढे मी त्याला नुसतं आरसी म्हणतो. आरसी १ असेल तर सगळं हाती लागलं, ०.५ असेल तर निम्मं.

आरसी मोजायला रुग्ण लागत नाही, फॅंटम लागतो, म्हणजे रुग्णाऐवजी स्कॅन करायचा नमुना. सगळ्यात प्रचलित फॅंटममध्ये धडाच्या आकाराच्या पाण्याच्या डब्यात सहा पोकळ गोळे बसवलेले असतात, आतले व्यास १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटर. गोळ्यांत ठरावीक तीव्रतेचं औषध भरायचं, भोवतीच्या पाण्यात त्याहून कमी तीव्रतेचं. स्कॅन करायचा. गोळ्यात खरं किती होतं ते डोस कॅलिब्रेटरवरून, म्हणजे औषधाचा किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावरून, माहीत असतं, चित्रात किती दिसतं ते मोजायचं. सहा गोळे, सहा आरसी. शीटचा पाया एवढाच.

पण मोजण्याआधी काय अपेक्षित आहे ते सिद्धांतावरून काढून ठेवलेलं बरं. अंधुकपणा घंटेच्या आकाराचा, म्हणजे गाउसियन, धरला तर गोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवरचा आरसी एका सूत्रात मिळतो, आणि ते सूत्र स्प्रेडशीटमध्ये तयारच आहे. एफडब्ल्यूएचएमला २.३५५ ने भागा, की सिग्मा मिळते. गोळ्याच्या त्रिज्येला सिग्माने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. तो वर्ग काय-स्क्वेअर वितरणाच्या संचयी फंक्शनमध्ये घाला, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३ ठेवून. येईल तो आरसी. तीन का, तर प्रत्येक मोजणी तीन दिशांना स्वतंत्रपणे सरकते, आणि ती त्रिज्येच्या आत राहण्याची शक्यता म्हणजेच ही संख्या. एका चौकटीत मावणारं हे सूत्र मला फार आवडतं. त्यातून येणारे आकडे असे:

| व्यास (मिमी) | घनफळ (मिली) | आरसी, रेझोल्यूशन ६ मिमी | आरसी, रेझोल्यूशन १२ मिमी |
|---|---|---|---|
| १० | ०.५२ | ०.७२ | ०.१९ |
| १३ | १.१५ | ०.९१ | ०.३५ |
| १७ | २.५७ | ०.९९ | ०.५७ |
| २२ | ५.५८ | १.०० | ०.८० |
| २८ | ११.४९ | १.०० | ०.९४ |
| ३७ | २६.५२ | १.०० | १.०० |

शेवटचा रकाना पुन्हा पाहा. स्पेक्टमध्ये १० मिलिमीटरच्या गोळ्याच्या मध्यभागी खऱ्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी उरतं. हा मध्यबिंदूचा आकडा आहे. संपूर्ण गोळ्याची सरासरी घेतली तर ती आणखी खाली जाते, कारण कडेला गळती जास्त. प्रत्यक्ष फॅंटममध्ये गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या भिंतीत औषध नसतं, त्यानेही थोडा फरक पडतो. म्हणून सिद्धांताचा रकाना पडताळणीपुरता ठेवायचा आणि दुरुस्तीसाठी आपल्याच यंत्रावर मोजलेली वक्ररेषा वापरायची.

रुग्णाची गाठ काही नेमकी १३ किंवा १७ मिलिमीटरची नसते, तेव्हा सहा बिंदूंमधून रेषा काढावी लागते. बरेच जण दोन ठरावीक अंकांचं एक सूत्र वापरतात: एका ठरावीक घनफळाला गाठीच्या घनफळाने भागायचं, त्याचा ठरावीक घात घ्यायचा, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या बेरजेने भागायचं. यातले दोन्ही ठरावीक अंक एक्सेलचा सॉल्व्हर शोधून देतो. सॉल्व्हर नको असेल तर आरसीला (१ वजा आरसी) ने भागून लॉगॅरिदम घ्या, घनफळाचाही लॉगॅरिदम घ्या, आणि दोहोंमध्ये सरळ रेषा बसवा. उतार म्हणजे घात, दुसरा अंक छेदावरून मिळतो. गूगल शीट्स असो की लिब्रेऑफिस कॅल्क, उतार आणि छेद काढणारी फंक्शन सगळीकडे आहेत. मात्र आरसी १ च्या अगदी जवळ असलेले गोळे या पद्धतीत रेषेला आपल्याकडे फार ओढतात, आणि १ च्या वर गेले तर लॉगॅरिदमच निघत नाही. तसं असेल तर सॉल्व्हरच बरा.

आरसी १ च्या वर जातो कसा? नव्या यंत्रांमध्ये प्रतिमा बनवतानाच अंधुकपणाचं गणित उलटं फिरवण्याची सोय असते. त्याने चित्र टोकदार होतं, पण ठरावीक आकाराच्या गोळ्यांत आकडा खऱ्याच्याही वर उसळतो. अशा चित्रावर जुन्या पद्धतीची वक्ररेषा लावली तर आधीच वाढलेला आकडा आणखी वाढेल. म्हणून शीटमध्ये प्रत्येक वक्ररेषेशेजारी पुनर्रचनेची (मोजणीतून चित्र घडवण्याची) पद्धत, आवर्तनं आणि फिल्टर लिहिलेलं असायलाच हवं. सॉफ्टवेअर बदललं की फॅंटम पुन्हा.

आता एक उदाहरण. फुप्फुसातली १० मिलिमीटरची गाठ, मोजलेला एसयूव्ही ३.०, भोवतीच्या फुप्फुसाचा ०.५, यंत्राची रेझोल्यूशन ६ मिलिमीटर. नुसतं ३.० ला तक्त्यातल्या ०.७२ ने भागलं तर ४.१७ येतात. पण त्या ३.० मध्ये थोडा वाटा भोवतालच्या फुप्फुसाचाही आहे. (१ वजा ०.७२) गुणिले ०.५ म्हणजे ०.१४, तो आधी वजा करायचा. उरलेल्या २.८६ ला ०.७२ ने भागलं की ३.९७. एसयूव्ही ३ चे जवळपास ४ झाले.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा: गाठ १० मिलिमीटरची आहे हे कुणी सांगितलं? सीटीने. सीटीवर दोन डॉक्टरांनी मोजलं तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शीटमध्ये व्यास ८ टाकून पाहा. आरसी ०.५२ होतो आणि दुरुस्त आकडा ५.३ वर जातो. १२ टाका, तो ३.४ वर येतो. चित्र तेच, मोजलेला आकडा तोच, फक्त पट्टीवर २ मिलिमीटर इकडे-तिकडे झाले आणि उत्तर ३.४ पासून ५.३ पर्यंत हललं. दुरुस्तीच्या एका आकड्यावर ज्यांचा फार विश्वास बसतो त्यांनी हा प्रयोग स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं. माझ्या मते चांगल्या शीटमध्ये व्यासाच्या एका चौकटीऐवजी तीन हव्यात, मोजलेला, थोडा कमी आणि थोडा जास्त, आणि उत्तरही तीन आकड्यांत यावं. आरसी ०.५ च्या खाली गेला की उत्तराचा रंग बदलावा. तिथे दुरुस्ती होते, पण मोजणीतली चूकही दुपटीहून जास्त वाढते.

श्वासाचाही हिशेब आहे. फुप्फुसाच्या तळाशी असलेली गाठ स्कॅनच्या काही मिनिटांत वर-खाली होत राहते. पेट त्या सगळ्या हालचालीची सरासरी टिपतं, सीटी मात्र एका क्षणाचं चित्र घेतं. स्थिर गोळ्यांवर काढलेली वक्ररेषा या जास्तीच्या अंधुकपणाचं काहीच जाणत नाही.

दुरुस्तीचा सगळ्यात थेट उपयोग उपचाराचा परिणाम पाहताना होतो. २० मिलिमीटरची गाठ केमोनंतर १० मिलिमीटरची झाली आणि तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये औषध आधीइतकंच शोषलं जातंय असं धरा. तरी ६ मिलिमीटरच्या रेझोल्यूशनला मध्यभागाचा आकडा सुमारे २८ टक्क्यांनी घसरलेला दिसेल, निव्वळ आकार लहान झाल्यामुळे. पर्सिस्ट या २००९ साली मांडलेल्या निकषांत प्रतिसाद मोजायची एक रेषा ३० टक्क्यांच्या घसरणीवर आहे. तिथे मोजतात तो मध्यबिंदू नव्हे, लहान गोळ्यातली सरासरी असते, त्यामुळे आकडा हुबेहूब लागू होत नाही. पण किती जवळ जातो ते दिसतं. गाठ लहान झाली ही चांगलीच बातमी आहे. फक्त ती आकाराची बातमी आहे आणि पेशींच्या भुकेची बातमी वेगळी आहे. दुरुस्ती न केलेला आकडा दोन्ही एकत्र करून सांगतो, आणि काही वेळा तेच हवं असतं, असंही काही अभ्यासक मानतात. म्हणून मूळ आकडा पुसून दुरुस्त आकडा लिहू नये. दोन्ही रकाने कायम हवेत.

गाठ दुसऱ्या तेजस्वी अवयवाला चिकटलेली असेल तर एक आरसी पुरत नाही. मग मॅट्रिक्स वापरावी लागते. ऑलिव्हिए रूसे आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मेंदूच्या पेटसाठी ही पद्धत मांडली, नाव जॉमेट्रिक ट्रान्सफर मॅट्रिक्स. प्रत्येक भागातलं किती टक्के स्वतःजवळ राहतं आणि किती टक्के दुसऱ्या भागात जातं याचा तक्ता बनवायचा आणि तो उलटा फिरवायचा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. गाठ आणि शेजारचं मूत्रपिंड. गाठीच्या मोजमापात तिच्या खऱ्याचा ०.६० हिस्सा आणि मूत्रपिंडाच्या खऱ्याचा ०.०८ हिस्सा येतो. मूत्रपिंडाच्या मोजमापात गाठीचा ०.०२ आणि स्वतःचा ०.९०. मोजलं गाठीत २, मूत्रपिंडात ९. हे चार अंक दोन बाय दोनच्या चौकटीत भरा, मॅट्रिक्स उलटी करणारं एमइन्व्हर्स आणि गुणणारं एमएमल्ट ही दोन फंक्शन लावा. गाठीचं खरं उत्तर येतं २.०! जेवढं सांडलं जवळपास तेवढंच शेजाऱ्याकडून आलं. नुसतं ०.६० ने भागलं असतं तर ३.३ आले असते, दुरुस्तीच्या नावाखाली १.३ ची खोटी भर. तक्ता भरायचे अंक मात्र स्प्रेडशीट देत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआयवर अवयवांच्या सीमा आखून त्या संगणकात अंधुक कराव्या लागतात. हे काम प्रतिमेच्या सॉफ्टवेअरचं, शीट नंतरची.

मेंदूत हे सगळं अटळच आहे. मेंदूची बाहेरची राखाडी साल २ ते ४ मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेटच्या रेझोल्यूशनहूनही पातळ. वयाने किंवा अल्झायमरमुळे ती झिजली की पेटवरचा ग्लुकोजचा वापर कमी दिसतो. त्यातलं पेशी मंदावल्याने किती आणि साल पातळ झाल्याने किती, हे एमआरआयच्या मदतीशिवाय वेगळं होत नाही.

हृदयात मात्र याच दोषाचा उपयोग करून घेतात, आणि मला ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ईसीजीशी जोडलेल्या थॅलियम किंवा टेक्निशियमच्या स्कॅनमध्ये हृदयाची भिंत आकुंचनाच्या क्षणी उजळते आणि सैलावताना फिकी होते. औषध क्षणात वाढलेलं नसतं. भिंत जाड झालेली असते, जाड झाल्याने गळती कमी होते आणि आरसी वाढतो. म्हणून उजळण्याच्या प्रमाणावरून भिंत किती जाड होतेय, म्हणजे स्नायू किती जोमाने काम करतोय, ते कळतं. इथे दुरुस्ती केली तर माहितीच निघून जाईल.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जुनं आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करतंय, आणि भारतात पेटची सुरुवात २००२ साली तिथेच झाली. कर्करोगाच्या उपचारात वापरलं जाणारं ल्युटेशियम-१७७ मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. या उपचारात दुरुस्तीला वेगळंच वजन येतं. ल्युटेशियम गाठीला बीटा कणांनी आतून जाळतं आणि त्यातून निघणाऱ्या २०८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांवर स्पेक्ट चित्र काढता येतं. गाठीला किती मात्रा मिळाली ते त्या चित्रावरून काढतात. आरसी ०.५ असताना दुरुस्ती केली नाही तर मात्राही निम्मीच दिसेल. तक्त्यात १२ मिलिमीटरचा रकाना मुद्दाम ठेवला तो यासाठी.

शीटमध्ये चुका कुठे घुसतात तेही सांगायला हवं, कारण त्या भौतिकशास्त्राच्या नसतात. पेटच्या औषधात नेहमी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा, म्हणजे तासाभराने ६८ टक्केच उरतं. फॅंटम भरल्याची वेळ आणि स्कॅनची वेळ यांतला फरक एक्सेल दिवसाच्या अंशात ठेवतं. त्याला १४४० ने गुणून मिनिटं केली नाहीत तर क्षयच झाला नाही असं उत्तर येतं. यंत्राने चित्रात क्षयाची दुरुस्ती आधीच केलेली असते, ती शीटमध्ये पुन्हा केली की आकडा फुगतो. भिंतीवरचं घड्याळ, कॅलिब्रेटरचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ जुळायला हवं. सिरिंजमध्ये उरलेलं औषध मोजून वजा करायला हवं. फ्लोरिनवर काढलेली वक्ररेषा गॅलियम-६८ ला लावू नये, त्याचा पॉझिट्रॉन जास्त ऊर्जेचा असतो आणि जास्त दूर जातो. आणि फॅंटममध्ये सरासरी घेऊन आरसी काढला असेल तर रुग्णातही सरासरीच घ्यावी. कमाल आकड्याला सरासरीची वक्ररेषा लावणं ही फार नेहमीची चूक.

शीट तयार झाली की तिची परीक्षा सोपी आहे. पाच गोळ्यांवर वक्ररेषा बसवा, सहावा बाजूला ठेवा आणि त्याला रुग्णाची गाठ समजून दुरुस्त करा. त्यात किती भरलं होतं ते आपल्याला माहीत आहे. लहान गोळ्यांपैकी एक, म्हणजे १३ मिलिमीटरचा, बाजूला ठेवला तर परीक्षा खरी होते. ३७ मिलिमीटरचा निवडला तर काहीच सिद्ध होत नाही. सूत्रांच्या चौकटी कुलूपबंद ठेवा, भरायच्या चौकटींना वेगळा रंग द्या, फॅंटमची तारीख पहिल्याच ओळीत लिहा. अशी घरी बनवलेली शीट अभ्यासासाठी आणि भौतिकशास्त्रज्ञाच्या पडताळणीसाठी ठीक आहे, पण एकट्या तिच्या भरवशावर उपचार बदलू नयेत. रिपोर्टात दुरुस्त आकडा द्यायचाच असेल तर मूळ आकडा, वापरलेला व्यास आणि आरसी हे तिन्ही सोबत द्यावेत, म्हणजे पुढच्या स्कॅनच्या वेळी दुसऱ्या केंद्रातला डॉक्टर तोच हिशेब पुन्हा मांडू शकेल.